विझवलेली ओळ

१

जुनी यंत्रं आपणहून बिघडत नाहीत, माणसं त्यांना बिघडवतात, असं मी गेली सव्वीस वर्षं सांगत आलोय. जुने टर्मिनल दुरुस्त करणं हा माझा धंदा. टर्मिनल म्हणजे काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि पुढ्यात विटेएवढा जड कीबोर्ड. त्याला स्वतःचं डोकं नसतं. डोकं मागच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रात असतं आणि दोघांच्या मध्ये एक केबल. हे काम येणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, त्यामुळे लोक मला अजून बोलावतात आणि मी अजून भाव खातो.

त्या मंगळवारी सकाळी फोन आला तो बेपत्ता व्यक्तींच्या नोंदणी कार्यालयातून. "आमच्या सगळ्या ओळी पेटल्यात," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "जरा लवकर या."

मी अडखळलो. त्या कार्यालयात माझ्या थोरल्या भावाची नोंद आहे. दादा चौतीस वर्षांपूर्वी सायकलमध्ये हवा भरून येतो म्हणून गेला, तो गेलाच. नोंद आईनं केली होती. मी त्या इमारतीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण काम ते काम. हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो.

दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, एकच खिडकी. तीन टर्मिनल होते, त्यातले दोन सुट्या भागांसाठी ठेवलेले. तिसऱ्यासमोर फोनवरच्या बाई बसल्या होत्या. छप्पनच्या आसपास वय, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. एकतीस वर्षं याच खुर्चीवर नोंदी टाइप करतेय, असं त्यांनी मी बसायच्या आत सांगितलं.

"किती वेळ लागेल मिस्त्री?"

"मी मिस्त्री नाही. तंत्रज्ञ आहे."

"बरं. तंत्रज्ञ मिस्त्री, किती वेळ लागेल?"

२

पडद्यावर एका माणसाला एक ओळ. नाव, वय, शेवटी कुठं दिसला, मग शेरा, आणि उजव्या कडेला 'आढळ' नावाचा रकाना. माणूस सापडला तरच तो भरायचा, 'मयत' किंवा 'परत आला', नाहीतर कोरा. शोध चालू असेल तर ती ओळ उलटी दिसते, म्हणजे उजळलेल्या हिरव्या पट्टीवर काळी अक्षरं. इतर ठिकाणी याला हायलाइट म्हणतात. इथं म्हणायचे, ओळ पेटली. शोध बंद झाला की म्हणायचे, ओळ विझवली.

आता सगळ्याच ओळी पेटल्या होत्या. शुक्रवारी नवी संगणकप्रणाली बसणार होती आणि तिच्यात फक्त पेटलेल्या ओळी जाणार होत्या. विझलेल्या कायमच्या पुसल्या जाणार. साहेब दारातूनच ओरडून गेले, "सापडलेले, परत आलेले, सगळेच बेपत्ता दाखवतंय! माझी शोभा करणार का?"

दोष मला वीस मिनिटांत सापडला. या जातीच्या टर्मिनलवर ओळ पेटवायला ओळीच्या आधी एक खूण लागते आणि विझवायला ओळीच्या शेवटी दुसरी. दोन्ही खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकेका अक्षराची जागा अडवतात. शेवटच्या खुणेवर चुकून काही टाइप झालं की ती पुसते आणि उजेड खालच्या ओळींत वाहत जातो, पार पुढच्या खुणेपर्यंत.

"बाई, ओळ संपल्यावर तुम्ही काय दाबता?"

"काही नाही. पूर्णविराम, आणि दोनदा स्पेस."

"स्पेस कशाला?"

"टायपिंगच्या क्लासात शिकवलंय. पूर्णविरामानंतर दोनदा स्पेस. नाहीतर आमचे सर फूटपट्टी मारायचे."

गेल्या महिन्यात साहेबांनी सगळ्या नोंदी तपासून घ्यायला सांगितलं होतं. बाईंनी इमानेइतबारे प्रत्येक ओळीच्या शेवटी जाऊन पूर्णविराम दिला, दोनदा स्पेस दिली आणि एकतीस वर्षांच्या खुणा पुसल्या. मला हसू आवरेना. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "विझवायच्या कुठल्या ते शेऱ्यावरून कळेल तुम्हाला. 'शोध बंद, अर्ज अमुक' असं असतं. घरच्यांनीच अर्ज दिलेला असतो."

माझं हसू तिथंच थांबलं. तसा एक अर्ज नऊ वर्षांपूर्वी मी टपालानं पाठवला होता.

त्याचं असं होतं. कुठंही बेवारस माणूस सापडला की हे लोक आईला फोन करायचे. आई जायची, परक्या माणसाचा चेहरा बघायची, परत यायची आणि दोन दिवस जेवायची नाही. पंचवीस वर्षं हे चाललं होतं. मग ती दवाखान्यात असताना शोध चालू ठेवायचा का असं विचारणारा छापील कागद आला आणि मी 'नाही' वर खूण करून सही केली. आईला सांगितलं नाही. आई अजून कधीतरी म्हणते, "हल्ली ते बोलावतच नाहीत रे."

म्हणजे आता दुरुस्ती करायची तर दादाची ओळ मला माझ्या हातानं दुसऱ्यांदा विझवायची होती, आणि शुक्रवारी ती पुसली जाणार होती.

३

दुपारपर्यंत मी खुणा परत बसवणारी छोटी आज्ञावली लिहिली आणि पहिल्या पानावर चालवून पाहिली. पान झकास झालं. पेटलेल्या ओळी पेटलेल्या, विझलेल्या विझलेल्या. म्हटलं, एकशे सत्त्याऐंशी नंबरचं पान येईल तेव्हा बघू. दादाची नोंद त्या पानावर आहे हे मी यादीत शोधून ठेवलं होतं.

तेवढ्यात पहिल्या पानावरच्या पहिल्या नावाचं पहिलं अक्षर जास्त उजळलं. मग पहिला शब्द. मग तो उजेड सरकून दुसऱ्या शब्दावर गेला. एका शब्दाएवढीच रुंदी, ना कमी ना जास्त. ओळ संपली की खालच्या ओळीवर.

कीबोर्डचं एखादं बटण अडकलं असेल म्हणून मी कीबोर्ड काढला. उजेड सरकत राहिला. दुसरा टर्मिनल झटकून पुसून जोडला, तिथंही तेच, तोच शब्द. म्हणजे गडबड मागच्या यंत्रात असणार, असं मी मोठ्यानं म्हणालो. बाईंना पटवायला म्हणालो, की स्वतःला, देव जाणे. मग टर्मिनलच्या पाठीमागची केबल उपटली.

उजेड विसाव्या ओळीच्या टोकाला पोचला. आत 'टक्' असा आवाज झाला आणि पान उलटलं.

पानं मागच्या यंत्रात असतात. टर्मिनलला एका वेळी एकच पान धरता येतं, दुसरं केबलमधून यावं लागतं. केबल माझ्या हातात होती. मी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, कुणाच्या जेवणात व्यत्यय आणल्यासारखं ओशाळून ती परत जोडली.

"जुना माल आहे," मी म्हणालो. "काहीतरी आत साठवून ठेवत असेल."

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि पडद्याची ती बारीक शीळ, जी बहुतेकांना ऐकूच येत नाही.

४

"हे वाचतंय," बुधवारी सकाळी बाई म्हणाल्या. रात्रभर टर्मिनल बंद होता. त्यांनी चालू केला तेव्हा उजेड आदल्या संध्याकाळच्या शब्दावरच होता आणि तिथून पुढे निघाला.

"यंत्रं वाचत नाहीत बाई."

"मग ही गती बघा की. सोप्या नावावरून भरकन जातं. अवघड नाव आलं की रेंगाळतं. मघाशी एका गावाचं नाव दोनदा वाचलं. मी तिथं जोडाक्षर चुकवलं होतं."

मी खुर्ची ओढून बसलो. तासभर नुसता बघत होतो. बाईंचं खरं होतं. माणसानं मन लावून वाचावं तशी ती गती होती. लहान मुलांच्या वयापाशी उजेड थबकायचा. चार वर्षं. सहा वर्षं. मग हळूच पुढे.

बावन्नाव्या पानावर तो एका वयावर थांबला तो हलेचना. बाईंनी चष्मा लावला, कपाटातून मूळ फॉर्म काढला आणि कपाळावर हात मारला. "सत्तर टाकलंय मी. सतरा हवं होतं." त्यांनी दुरुस्त केलं. उजेड सुटला.

"एकतीस वर्षं टाइप करतेय मिस्त्री," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "एकानं कधी वरपासून खालपर्यंत वाचलं नाही हो. साहेबांनीसुद्धा नाही. मला वाटायचं, मी हे विहिरीत टाकतेय."

मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. पण उठून जावंसं वाटत नव्हतं. देवळात आपण आवाज खाली आणतो तसे आम्ही दोघं कुजबुजत बोलत होतो.

५

'आढळ' रकान्याची गोष्ट माझ्या लक्षात आली, बाईंच्या नाही.

शोध चालू असलेल्या ओळीत उजेड नाव, वय, ठिकाण, शेरा असं करत उजव्या कडेच्या त्या कोऱ्या रकान्यात जायचा. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी तो तिथं वाचायचा. तीन अक्षरांएवढी उजळलेली जागा, मग विझून पुढच्या ओळीवर. बहुतेकांच्या बाबतीत तेवढंच. तीन अक्षरांचा एक शब्द. कधी दोन शब्द. क्वचित एखाद्याच्या रकान्यात मात्र तो टोकापर्यंत जायचा, पुन्हा रकान्याच्या सुरुवातीला यायचा आणि दुसऱ्यांदा टोकापर्यंत जायचा, जणू तिथं दोन ओळी मजकूर आहे.

मी पडद्याच्या काचेवर नाक टेकेपर्यंत वाकलो. कोरी हिरवी जागा. एक ठिपका नाही.

"तीन अक्षरी काय असेल?" मी विचारलं.

"ते मला विचारू नका," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

नोंदीप्रमाणे विझवलेल्या ओळींचं वेगळं होतं, दुरुस्तीअभावी त्या पडद्यावर अजून पेटलेल्या दिसत असल्या तरी. उजेड शेऱ्यापर्यंत यायचा, 'शोध बंद' वाचायचा, थोडा घुटमळायचा आणि तिथूनच खाली उतरायचा. आढळ रकान्यात पाऊल टाकायचा नाही. तिथं जे काही होतं ते न वाचताच राहायचं.

मी पाटीवर हिशोब मांडावा तसं मनात मांडलं. पानाला साधारण पाच मिनिटं. एकशे सत्त्याऐंशीवं पान गुरुवारी दुपारी, तीनच्या सुमाराला.

६

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठं होतं काम?" तिनं विचारलं. मी एका ग्रंथालयाचं नाव सांगितलं. खोटं इतकं सफाईनं निघालं की मलाच लाज वाटली.

जेवताना मी तिच्याकडे बघत होतो. ऐंशी वर्षांची बाई, फोन वाजला की अजून घास खाली ठेवते. मला काय हवं होतं? दादाची ओळ विझवलेलीच राहू दिली तर शुक्रवारी सगळं पुसलं जाईल आणि आईला कधीच काही कळणार नाही. पेटवली तर उजेड त्या रकान्यात जाईल आणि तीन अक्षरं वाचून बाहेर येईल. ती तीन अक्षरं मी बघितलेली असतील. मग तोंड बंद ठेवून मी या घरात कसा राहणार होतो?

"भात वाढू का? की नुसता चिवडत बसणारेस?" आई म्हणाली.

७

गुरुवारी मी कुठलीच दुरुस्ती केली नाही. बाईंनी साहेबांना सांगून टाकलं की मिस्त्री एक सुटा भाग यायची वाट बघतायत. तीनला दहा कमी असताना 'टक्' झालं आणि एकशे सत्त्याऐंशीवं पान आलं.

दादा चौदाव्या ओळीवर होता. तिथपर्यंतच्या तेरा माणसांना उजेडानं नेहमीच्या सबुरीनं वाचलं. मग दादाचं नाव उजळलं. बावीस वर्षं. सायकलच्या दुकानाजवळ. मग शेरा: शोध बंद, अर्ज: भाऊ.

'भाऊ' वर तो थांबला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तो ओळीच्या सुरुवातीला गेला, दादाचं नाव पुन्हा वाचलं आणि परत येऊन 'भाऊ' वर थांबला. वाचता वाचता एखाद्या शब्दावर बोट ठेवून कुणी मान वर करावी आणि आपल्याकडे बघावं, तसं. पडद्याची शीळ बंद झाली होती. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

"यात काही चूक दिसत नाही," बाई फॉर्म चाळत म्हणाल्या. "अर्ज आहे, सही आहे. भावाचीच सही आहे..." त्यांनी सही वाचली, मग माझ्या पावतीपुस्तकावरचं नाव वाचलं. फॉर्म हळूच मांडीवर ठेवला.

"अहो, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"आईला माहीत नाही."

"विझवलेली ओळ पुन्हा पेटवायला मूळ नोंद करणाऱ्याची सही लागते. तुमच्या आईची." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "सही नंतर आणा. पण आणा मात्र. आजच."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी शेरा पुसला. ओळीच्या आधी खूण टाकली, ओळीच्या शेवटी खूण टाकली. आता वरून वाहून आलेल्या उजेडानं नाही, स्वतःच्या खुणांनी ओळ पेटली.

उजेड रिकाम्या झालेल्या शेऱ्यावरून सरकला आणि आढळ रकान्यात शिरला. पहिलं अक्षर. दुसरं. तिसरं. मी डोळे मिटले.

"मिस्त्री," बाईंनी माझा दंड धरला. "बघा."

तो चौथ्या अक्षरावर होता. शब्द संपला, दुसरा सुरू झाला. टोकाला पोचला, मागे आला, पुन्हा टोकाला गेला. दुसरी ओळ. तिसरी. मी बोटांवर ओळी मोजत होतो, मग कागदावर रेघा मारायला लागलो. अकराव्या रेघेला माझ्या लक्षात आलं की मी रडतोय. उजेड घाईत नव्हता. कुठं भरभर जायचा, कुठं रेंगाळायचा, एका जागी थांबून मागचा शब्द पुन्हा घ्यायचा. त्या कोऱ्या काचेत माझा सबंध भाऊ होता आणि मला त्याचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"जा," बाई म्हणाल्या. "मी बसते इथं. याला सोडून कुठं जात नाही."

८

आईला मी दारातच सांगितलं. नाहीतर बोलणं झालंच नसतं. कागद आला होता, मी सही केली होती, म्हणून ते बोलावत नाहीत.

तिनं चौकट धरली. "नऊ वर्षं मी फोनपाशी बसले रे," ती म्हणाली. तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी बाकीचं सांगितलं. सांगताना मलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. ती शेवटी एवढंच म्हणाली, "बाकीच्यांचं किती असतं?"

"एक शब्द. फार तर दोन ओळी."

"आणि आपल्याचं अजून चालू आहे?"

"मी निघालो तेव्हा चालू होतं."

ती चपला शोधायला लागली. टॅक्सीत तिनं माझ्याकडे बघितलं नाही. जिना मात्र माझा हात धरून चढली.

बाई जागच्या हलल्या नव्हत्या. कागदावर माझ्या रेघांपुढे त्यांनी आपल्या रेघा मारल्या होत्या, पान भरून पाठीमागे गेल्या होत्या. आईला पाहून त्या उठल्या आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. सहीचा फॉर्म पुढे ठेवला, पण आईनं तिकडे बघितलंच नाही. ती पडद्याकडे वाकली होती.

तिला आता भिंगाशिवाय वर्तमानपत्राचा मथळाही दिसत नाही. तिनं उजव्या हाताचं बोट काचेवर टेकलं आणि उजेडाखालून सरकवत नेलं, टोकापर्यंत, मग परत सुरुवातीला. दोन-तीन ओळी नुसतं बोट फिरलं. मग तिचे ओठ हलायला लागले.

मी काचेकडे बघितलं. कोरी होती. बाईंकडे बघितलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनाही काही दिसत नव्हतं.

आईच्या कपाळाला आठी पडली, सुटली. एके ठिकाणी तिनं "अगं बाई" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला. एके ठिकाणी ती खुदकन हसली. चौतीस वर्षांत मी तिचं ते हसू ऐकलं नव्हतं.

"आई," मी म्हणालो. "काय लिहिलंय?"

तिनं बोट काचेवरून न काढता दुसऱ्या हातानं मला गप्प केलं.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "आत्ता कुठं त्याचं लग्न ठरतंय."